हातउसना श्वास

सोंग-कोल तळ्याच्या काठी, जूनमध्येसुद्धा
पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरते.
मी ती अंगठ्याने फोडते. बावीस उन्हाळे झाले.

यंदा सामातने शहरातून नऊ माणसं आणली.
म्हणाला, आयझिरेक-एजे,
ही इथे जागी व्हायला आली आहेत.
मी म्हटलं, मग इतका वेळ डोळे मिटून का बसतात?
तो हसला. त्यांना सांगितलं नाही.

भली माणसं. चहाचा पेला दोन्ही हातांनी घेत.
एक उंच बाई गवतावर अनवाणी चालायची,
एकेक पाऊल असं, जणू खाली कुणाचं तान्हं निजलंय.
त्यांनी एकच मागितलं : रात्री आवाज नको.
मी कुत्रा लांबच्या खुंटाला नेऊन बांधला.

हसणार होते, पण कुठल्या तोंडाने?
सुयुनबेक गेल्यापासून माझे हात कामं करत होते
आणि मी त्यांच्या मागून चालत होते.
चुलीत शेण सार, धारा काढ, दूध घुसळ.
नुरदोलोतला फोन करायचा तर टेकडी चढावी लागते,
आणि टेकडी चढायला कारण लागतं.
कुणी विचारलं असतं, जिवंत आहेस का गं,
तर मी आधी घोड्या मोजल्या असत्या.

सहाव्या रात्री तोरू व्याली. सगळ्यांत उशिरा,
कळपापासून दूर, तळ्याकडच्या खोलगटात.
मला जाग आली ती तिच्या कण्हण्याने नाही,
ती गप्प झाली म्हणून.

कंदील नेला. शिंगरू पिशवीसकट पडलेलं,
पाण्यात पडून वर काढलेल्या नमद्यासारखं.
पिशवी नखांनी फाडली. नाकातलं बुळबुळीत बोटाने काढलं.
गवताच्या मुठीने बरगड्या घासल्या.
काही नाही.
तोरूने मान वळवून घेतली.

मग मी गुडघे टेकले, डावा कुरकुरला,
एक नाकपुडी तळव्याने दाबली,
दुसरीला तोंड लावलं आणि फुंकलं.
खारट चव, लोखंडाची, मागून थोडी गोड.
पुन्हा फुंकलं. पुन्हा.
कितव्यांदा तरी माझाच दम संपला,
थांबले, आणि तेवढ्यात
श्वास आपला आपण आत आला.
मी बोलावला नव्हता.

सुयुनबेकला घराबाहेर नेलं त्या दिवशीही तो येतच होता.
न विचारता, न रुसता, अकरा वर्षं,
आणि मी एकदाही वळून पाहिलं नव्हतं
दारात कोण येतंय.

आलेल्यातला अर्धा मी ठेवला, अर्धा फुंकला.
हातउसना. कागद नाही, साक्षीला एक घोडी,
तीही पाठमोरी.

शिंगरू शिंकलं.
माझ्या तोंडावरच.
रडले का मी? चेहरा आधीच ओला होता, सांगता येत नाही.

नुकत्या जन्मलेल्या खुरांना खाली मऊ बोटं असतात,
पिवळी, मेणासारखी,
आत लाथ मारताना आईला लागू नये म्हणून.
चार पावलं टाकली की झिजून जातात.
मी ती हातात धरून बसले,
जमिनीला लागण्याआधी.

उजाडता उजाडता ते उठलं, पडलं, उठलं,
चार पाय चार गावांना निघालेले.
उंच बाई धावत आली. सामातकरवी विचारलं,
आम्हाला उठवलं का नाही?
मी म्हटलं, आवाज नको म्हणाला होतात.
आधी ती हसली. मग दवात तशीच खाली बसली,
शिंगराच्या कुशीवर हात ठेवला
आणि उचलायचा विसरली. तिचा चहा मी दोनदा गरम केला.

त्या दुपारी मी कुत्रा सोडला.
टेकडी चढले. कारण काही नव्हतं.
नुरदोलोत घाबरला. आई, काय झालं?
काही नाही, म्हटलं.
मग धापा का टाकतेस?
हो, म्हटलं. ऐक.